समन्स, वॉरंट आणि आपलं दार : वाचकांची पत्रं

(नाशिक ग्रामीण पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या आणि नोकरीतली बरीच वर्षं समन्स-वॉरंटच्या टेबलावर काढलेल्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

मागच्या अंकात समन्सविषयी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. पत्रं वेगवेगळी असली तरी बहुतेकांमागे धास्ती एकच आहे: पोलीस दारात आले म्हणजे घराची अब्रू गेली. या धास्तीपायी माणसं साधा कागद घेत नाहीत, आणि पुढे खरंच अडचणीत येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, आम्ही सिडकोत पवननगरला राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. दोन वर्षांपूर्वी द्वारका चौकात त्यांच्या डोळ्यांदेखत अपघात झाला. जखमीला त्यांनीच रिक्षात घातलं, पोलिसांना जबाबही दिला. गेल्या आठवड्यात एक पोलीस कोर्टाचा कागद घेऊन आले. मिस्टर सेकंड शिफ्टला होते. सासूबाईंनी "आमचा काही संबंध नाही" म्हणत दार लावून घेतलं. शेजारी म्हणतात, आता वॉरंट निघेल. खरंच निघेल का? — एक गृहिणी, सिडको

आधी सासूबाईंवर रागावू नका. खाकी कपडे बघून दार लावणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यात आरोपी थोडे आणि घाबरलेले भले लोकच जास्त.

तुमच्या यजमानांना आलेलं समन्स साक्षीदाराचं आहे. त्यांच्यावर कसलाही आरोप नाही. त्यांनी एका जखमी माणसाला मदत केली आणि आता कोर्ट म्हणतंय, या आणि जे पाहिलं ते सांगा. समन्स दोन प्रतींत असतं. त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. एक प्रत तुम्हाला मिळते आणि दुसरीच्या पाठीमागे तुमची सही घेऊन ती कोर्टात परत जाते. ही सही म्हणजे फक्त पोच. तिने काही कबूल केलं असं होत नाही.

माणूस घरी नसेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या कोणाही सज्ञान माणसाकडे कागद देता येतो. म्हणजे सासूबाईही घेऊ शकत होत्या आणि तुम्हीही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण ३० जून २०२४ पर्यंत तसं नव्हतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे घरातला सज्ञान पुरुषच लागायचा. निफाड, दिंडोरीच्या मळ्यांत मी समन्स घेऊन जायचे तेव्हा दिवसाउजेडी घरात पुरुष कुठला? कोणी बागेत, कोणी पिंपळगावच्या मार्केटला. दारात सासू, सून, कधी कॉलेजात शिकणारी मुलगी. कागद देणारी मी बाई, घ्यायला तयार असलेलीही बाई, आणि तरी संध्याकाळी पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "माझ्या सहीवर सोसायटी पीककर्ज देते, मग हा कागद का देत नाही बाई तू?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ६६ मध्ये ती पुरुषाची अट गेली. माझ्या निवृत्तीनंतर हा बदल आला, तरी वाचून फार बरं वाटलं. आता घरातल्या बायकांनी हा हक्क समजून वापरावा, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या प्रश्नाकडे येते. साक्षीदार समन्स मिळूनही आला नाही तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. साक्षीदाराचं वॉरंट बहुतेक वेळा आधी जामीनपात्र, म्हणजे जामीन दिला की सोडतात असं, निघतं. सबळ कारण नसताना गैरहजर राहिल्याबद्दल पाचशे रुपयांपर्यंत दंडही होतो. पण तुमच्याकडे अजून त्यातलं काहीच झालेलं नाही. यजमानांना सुटीच्या दिवशी तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पाठवा. तिथे समन्स-वॉरंटचं काम बघणारा अंमलदार असतो. त्याला नाव सांगितलं की तो रजिस्टर काढून तारीख बघेल आणि कागद तिथेच देईल. तारखेला सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या) कोर्टात वेळेवर जायचं, सोबत आधार कार्ड ठेवायचं आणि सरकारी वकिलांना भेटायचं. जबाब देऊन दोन वर्षं झाली आहेत, तेव्हा तो एकदा वाचायला मागावा. येण्याजाण्याचा भत्ताही मिळतो, तो मागायला लाजू नये. कंपनीत रजेसाठी समन्सची झेरॉक्स द्यावी.

आणि यजमानांना माझा नमस्कार सांगा. जखमीला रिक्षात घालणारी माणसं कोर्टापर्यंत पोचली तरच त्या जखमीला न्याय मिळतो.

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत वॉचमनने माझ्या नावाचं समन्स घेऊन ठेवलं आणि मला तारीख उलटल्यावर दिलं. हे चालतं का? — व्यावसायिक, नाशिक

नाही. वॉचमन, घरगडी, स्वयंपाकाची बाई हे कायद्याच्या दृष्टीने कुटुंबातले नाहीत, कलम ६६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. वकिलांमार्फत कोर्टाला अर्ज देऊन हे सांगा आणि पुढची तारीख मागून घ्या. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कागद घेतल्याची नोंद असेल तर तिचा फोटो जोडा. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक ठराव करून टाका, की पोलीस किंवा बेलिफ आला तर वॉचमनने इंटरकॉमवर घरी कळवायचं, स्वतः सही करायची नाही.

बेलिफचं नाव निघालं म्हणून सांगते. जमिनीचे, भाडेकरूचे, वाटणीचे दिवाणी दावे असतात त्यांची समन्सं कोर्टाचा बेलिफ बजावतो. फौजदारी प्रकरणांची सहसा पोलीस आणतात.

माझ्यावर भांडणाची जुनी केस आहे. दोन तारखांना गेलो नाही म्हणून पकड वॉरंट निघालं. वकिलांनी मला कोर्टात हजर केलं, कोर्टाने दंड घेऊन वॉरंट रद्द केलं. तरी महिन्याभराने रात्री अकरा वाजता पोलीस घरी आले. दंडाची पावती दाखवली तरी ठाण्यात नेऊन बसवलं, सकाळी सोडलं. मुलं रडत होती. माझी चूक काय? — पंचवटीतील वाचक

भाऊ, दोन तारखा चुकल्या त्याचा दंड तुम्ही भरला. त्या रात्री मात्र तुमची काही चूक नव्हती. हे पत्र मी दोनदा वाचलं. असं होतं कसं, ते आतून पाहिलेलं असल्यामुळे सांगते.

वॉरंट एकदा निघालं की बजावणी होईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. वर्षं लोटली म्हणून ते मरत नाही. रद्द झालं तर कोर्टातून तसं पत्र निघायला हवं. ते पत्र कोर्ट पैरवीचा, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा अंमलदार ठाण्यात आणतो, बारनिशीत (आवक-जावक टपालाच्या नोंदीत) त्याची नोंद होते, मग समन्स-वॉरंट रजिस्टरला शेरा पडतो आणि शेवटी ज्या बीट अंमलदाराच्या फाइलला मूळ वॉरंट आहे त्याला ते परत करायला सांगतात. इतक्या हातांतून पत्र जातं. एका टेबलावर ते फायलीखाली राहिलं की पुढच्या सगळ्यांच्या लेखी तुमचं वॉरंट चालू. त्यात निवडणुका जवळ आल्या की प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांची मोहीम निघते, वरून रोजचा आकडा मागतात, आणि अंमलदार यादी हातात घेऊन रात्रीचा निघतो. तो रात्री येतो कारण माणूस रात्री घरी सापडतो. पुरुषाला वॉरंटावर रात्री अटक करायला कायद्याची मनाई नाही. पण रद्द झालेल्या वॉरंटावर कोणालाही, कधीही नेता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण गेलं होतं. मुंबईतल्या एका वकिलांना, वॉरंट रद्द झालेलं असताना, १५ ऑगस्ट २००२ रोजी अटक झाली होती. २०११ मध्ये त्याचा निकाल देताना न्यायालयाने देशभरच्या कोर्टांसाठी सूचना दिल्या: वॉरंट छापील आणि क्रमांक असलेल्या नमुन्यावरच निघावं, न्यायाधीशांची पूर्ण सही आणि नावाचा शिक्का असावा, वॉरंटांचं रजिस्टर असावं, आणि रद्द झालं की त्याची नोंद तिथे तारखेसह व्हावी. अजामीनपात्र वॉरंट हा पहिला उपाय नव्हे, आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि त्यानंतरच पकड म्हणजे अजामीनपात्र वॉरंट, हे तर न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं. हे सगळं कागदावर आहे. आपल्या टेबलावर ते पाळणं हे तिथे बसलेल्या माणसाचं काम आहे, आणि त्यात कुचराई झाली तर किंमत तुमच्या मुलांच्या रडण्याने मोजली जाते. माझ्या खात्याची म्हणून मी ही गोष्ट झाकणार नाही.

तुम्ही आता असं करा. दंडाची पावती पुरत नाही, कारण तिच्यावरून वॉरंट रद्द झाल्याचं वाचणाऱ्याला कळत नाही. वॉरंट रद्दच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. ठाण्याच्या नावे एक साधा अर्ज लिहा, त्याला नक्कल जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर बारनिशीचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय हलू नका. त्या प्रतीचा फोटो तुमच्या आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. झाल्या प्रकाराची लेखी तक्रार वरिष्ठांकडे करा आणि ज्या कोर्टाने वॉरंट रद्द केलं त्याच कोर्टालाही कळवा. कोर्ट याची दखल घेतं.

ताई, वॉरंट असेल तर बाईमाणसाला रात्री नेतात का? आणि वॉरंट बघायला मागता येतं का? — वाचक, इगतपुरी

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि हो, वॉरंट मागता येतं. कशासाठी अटक होतेय हे पोलिसांनी सांगायचंच असतं, आणि मागितलं तर वॉरंट दाखवायचंच असतं. ते नीट वाचा: नाव, वडिलांचं नाव, पत्ता, केस नंबर, कोर्ट. जामीनपात्र असेल तर त्यावरच रक्कम आणि किती जामीनदार ते लिहिलेलं असतं. तेवढी पूर्तता केली की तिथूनच सोडायचं असतं. अजामीनपात्र असेल तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावं लागतं. कोणाला नेतायत आणि कुठे, हे घरच्यांना कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. परराज्यातल्या व्यापाऱ्याने माल उचलला, चेक दिला, चेक परत आला. केस केली. समन्स गेलं, वॉरंट गेलं, प्रत्येक वेळी "मिळून आला नाही" असा शेरा येतो. वकील म्हणतात थांबा. किती थांबू? — एक शेतकरी

दादा, हंगामात आपल्या भागात किती कुटुंबं याच दुखण्याने बसतात ते मला ठाऊक आहे. वर्षभर पोटच्या पोरासारखी बाग सांभाळायची आणि शेवटी हातात न वटलेला चेक.

पहिली गोष्ट, पत्ता. व्यापाऱ्याने दिलेल्या कार्डावरचा पत्ता पुष्कळदा भाड्याच्या गाळ्याचा असतो आणि हंगाम संपला की गाळा रिकामा. तिथे समन्स पाठवत राहिलं तर जन्मभर "मिळून आला नाही" असंच येणार. त्याचा जीएसटी नंबर, बँक खातं ज्या शाखेत आहे तिथला पत्ता, माल कोणत्या ट्रान्सपोर्टने गेला ती बिल्टी, पॅकिंगच्या शेडचा मालक, गावातला त्याचा दलाल, हे सगळं जमा करा आणि नवीन पत्ता कोर्टात अर्जाने द्या. चेकच्या केसमध्ये समन्स स्पीड पोस्टनेही जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या केसेससाठी फिर्यादीने स्वतः हातोहात समन्स पोचवायचा आणि ईमेल-व्हॉट्सॲपचा मार्गही वापरायला सांगितला आहे. वकिलांना त्याची आठवण द्या.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं. तो माणूस त्याच्या गावी सापडत नसेल, पण जानेवारी-फेब्रुवारीत तो पुन्हा नाशिक जिल्ह्यातच कुठेतरी माल भरत असतो. तुमच्या तालुक्यात तोंड दाखवत नाही, दिंडोरीत किंवा चांदवडला शेड घेतो. हंगाम सुरू झाला की चार बागायतदारांना सांगून ठेवा. तो दिसला की कोणत्या शेडवर आहे, गाडी नंबर काय, ते सगळं वॉरंट ज्या ठाण्याकडे आहे त्या अंमलदाराला लेखी द्या. वॉरंट परराज्यात गेलेलं असेल तर वकिलांकडून कोर्टाला अर्ज करून ते इथल्या पोलिसांकडे मागवून घ्या. माणूस कुठे आहे हे पक्कं कळल्यावर बजावणी न करण्याचं कारण कोणापाशी उरत नाही. स्वतः मात्र त्याच्या अंगावर जाऊ नका. गर्दी करून कोंडून ठेवलं तर उलटी केस तुमच्यावर.

तो जामिनावर सुटेल, हे आधीच समजून असा. पण सुटला तरी कोर्टाला बांधला गेला. आरोप नाकबूल केल्यावर चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं, त्यासाठी अर्ज करा. आणि तो मुद्दाम दडून बसलाय असं कोर्टाला पटलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा निघतो. त्याला हजर व्हायला किमान तीस दिवस देतात, जाहीरनामा त्याच्या गावात वाचतात, घराला आणि कोर्टात डकवतात. पाठोपाठ कलम ८५ खाली मालमत्ता जप्त करता येते. त्याच्या नावावर जमीन, गाडी काय आहे याची माहिती म्हणूनच आत्तापासून जमवा. वकील थांबा म्हणत असतील तर त्यांना विचारा, जाहीरनाम्याचा अर्ज कधी देताय.

निवृत्त शिक्षक आहे, नाशिकरोडला राहतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस म्हणाला, तुमच्या नावाने अटक वॉरंट आहे, तुम्ही "डिजिटल अरेस्ट"मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. वॉरंटावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का होता. मुलगी घरी आली म्हणून पैसे वाचले. पण खरं आलं तर ओळखायचं कसं? — एक ज्येष्ठ नागरिक

गुरुजी, तुमच्या मुलीचं कौतुक. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. अटक म्हणजे समोर उभ्या असलेल्या हाडामांसाच्या पोलिसाने केलेली अटक. फोनवरून कोणी कोणाला अटकेत ठेवू शकत नाही. कोणताही पोलीस किंवा न्यायाधीश "पडताळणीसाठी" पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही. असा फोन आला की कट करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि लगेच शेजाऱ्याला हाक मारा. कोणाला सांगू नका असं ते बजावतात, म्हणूनच आधी कोणाला तरी सांगायचं.

खरं-खोटं ओळखायचं तर दारात आलेल्या पोलिसाला ठाण्याचं नाव आणि बक्कल नंबर विचारा. खरा पोलीस रागावणार नाही. मग ठाण्यात फोन लावून खात्री करा, पण नंबर त्याने दिलेला घेऊ नका, स्वतः शोधा. समन्सवर केस नंबर असतो. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमची मुलगी मिनिटभरात बघू शकेल, की अशी केस खरंच आहे का आणि तारीख तीच आहे का.

मोबाइलवर आलेला प्रत्येक कागद खोटा असंही नाही. नव्या कायद्यात कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची सोय आहे, त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही असते. म्हणून तेही पडताळून घ्या, फेकून देऊ नका. मात्र तपासासाठी हजर राहा अशी आरोपीला द्यायची कलम ३५ ची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

तुमच्या वयाचं म्हणून आणखी एक. साठ वर्षांवरच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला पोलीस साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडू शकत नाहीत. त्यांनी तुमच्या घरी यायचं. नव्या संहितेचं कलम १७९.

मॅडम, मी नवीन भरतीचा शिपाई. मला समन्स-वॉरंटला टाकलंय. सोबतचे म्हणतात ही शिक्षाच आहे, क्राइमला गेला असतास तर नाव झालं असतं. काही सांगाल का? — एक पोलीस शिपाई, नाशिक ग्रामीण

बाळा, तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. बाकीच्या वाचकांनीही हे वाचावं, म्हणजे दारात येणाऱ्या माणसाचं काम त्यांना कळेल.

एका ठाण्यात मी बदलून गेले तेव्हा बाकावर एक बाई दोन लेकरं घेऊन बसलेली असायची. नवऱ्याविरुद्ध खावटीचं वॉरंट होतं. कोर्टाने हुकूम केला होता, थकबाकी वर्षाच्या वर गेली होती, आणि वॉरंट दर वेळी "सदर इसम दिले पत्त्यावर मिळून येत नाही" असा शेरा घेऊन परत जात होतं. शेरे एकाच पेनाने, एकाच टेबलावर बसून लिहिलेले होते. तो इसम त्याच गावच्या स्टँडवर चहाची गाडी लावत होता. मी गेले, चहा घेतला, नाव विचारलं, त्याने सांगितलं. कोर्टात उभा केल्यावर जेल समोर दिसली आणि त्याच दुपारी त्याच्या भावाने पैसे भरले. त्या बाईने लेकराच्या फीची पावती मला आणून दाखवली होती. बजावणीचं काम म्हणजे हे. न्यायाधीशांनी कितीही चांगला हुकूम लिहू दे, तो तुझ्या पायांनी चालत त्या घरापर्यंत जातो.

आता कामाचं. माणूस कधी सापडतो ते शिक. मुसळगावच्या एमआयडीसीतला कामगार शिफ्ट सुटताना गेटवर भेटतो, पण गेटवर चारचौघांत कागद देऊ नकोस, बाजूला घे. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास पेठ-सुरगाण्याचे पाडे निम्मे रिकामे असतात, मंडळी निफाड-दिंडोरीच्या बागांवर. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना टोळीच्या मुकादमाचं नाव विचार, मुकादम सापडला की माणूस सापडला. आठवडे बाजाराचा दिवस माहीत ठेव. पोलीस पाटलाला विचार, तो घर दाखवेल, पण समन्स त्याच्या हातात देऊन बजावणी झाली असं लिहू नकोस.

नावांची फार काळजी घे. आपल्याकडे एका गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे-चौघे निघतात. वडिलांचं नाव, वय, मळ्याचं नाव जुळवल्याशिवाय कोणाच्या खांद्यावर हात टाकू नकोस. मालेगाव तालुक्यात एकदा आमच्या पथकाने ज्याला उठवलं तो आरोपीचा चुलतभाऊ निघाला, नाव तेच. आजोबांनी रेशनकार्ड आणून दाखवलं म्हणून तो तिथेच सुटला.

दारात आवाज हळू ठेव. "कोर्टाचं साक्षीचं पत्र आहे, घाबरू नका" हे पहिलं वाक्य. कागद वाचून दाखव, तारीख कॅलेंडरवर लिहायला लाव, कोर्ट नंबर सांग. घेत नसतील तर हुज्जत घालू नकोस. कागद पुढे केला आणि त्याने नाकारला तरी तो दिल्यातच जमा आहे, तसं लिही. कोणीच नसेल आणि चौकशी करूनही पत्ता लागत नसेल तर दोन पंचांसमक्ष दाराला डकव. त्यावर बजावणी झाली की नाही हे कोर्ट ठरवेल. आणि अहवालात लिही, किती वाजता गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, शेजाऱ्याचा मोबाइल नंबर. तुझ्या त्या चार ओळींवर कोर्ट पुढचा हुकूम काढतं. कोणाचं वॉरंट तुझ्या खोट्या ओळीने निघू नये आणि कोणाचं अडू नये.

क्राइमवाल्यांनी पकडलेल्या आरोपीला शिक्षा होते तीसुद्धा साक्षीदार वेळेवर आले तर. ते तू आणतोस. हे सोबतच्यांना सांग.

समन्सची तारीख परवा होती, मी पूर्ण विसरले. आता पोलीस येतील का? वकील करायची ऐपत नाही. — घरकाम करणारी महिला, भारतनगर

ताई, पोलीस यायच्या आत तुम्हीच जा. उद्या सकाळी साडेदहाला समन्स आणि आधार कार्ड घेऊन जिल्हा न्यायालयात पोचा. आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांना समन्स दाखवा, ते तुमच्याकडून अर्ज लिहून घेतील आणि त्याच कोर्टापुढे नेतील. वॉरंट निघालं असेल तर रद्द करायची विनंती त्याच अर्जात होते. न्यायाधीशांनी विचारलं तर खरं कारण सांगा. पुढची तारीख वहीत लिहून घ्या आणि ज्या घरी काम करता तिथे आत्ताच सुटी सांगून ठेवा. जायला जमत नसेल तर आज १५१०० वर फोन लावा, तो विधी सेवेचाच नंबर आहे.